चार हजार, की बारा हजार?

गेल्या वीकांताला एक कंटाळवाणं काम उरकायचं होतं. आजोबांच्या नावावरची चेंबूरची दोन खोल्यांची जागा अजून बाबांच्या नावावर झालेली नाही, आणि सोसायटीचे सेक्रेटरी रिडेव्हलपमेंटच्या निमित्ताने कागदांसाठी मागे लागलेत. म्हणून माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवली. आत जुनं रेशनकार्ड, वीजबिलांची चवड, आणि आजोबांच्या मृत्यूचे दोन कागद. एक महापालिकेचा दाखला. त्यावर नाव, तारीख, ठिकाण सगळं आहे, मरणाचं कारण मात्र नाही. (ते नसतंच. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातच लिहिलंय की लोकांना दिल्या जाणाऱ्या उताऱ्यावर कारण द्यायचं नाही. मला हे आत्ता कळलं.) दुसरा कागद म्हणजे आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सर्टिफिकेटची झेरॉक्स. त्यावर कारण आहे : कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट. म्हणजे हृदय आणि श्वास बंद पडला.

आता यावर काय बोलणार? हृदय आणि श्वास तर प्रत्येकाचाच बंद पडतो! प्रोग्रॅम का बंद पडला असं विचारल्यावर 'चालायचा थांबला म्हणून' असं कुणी लिहून पाठवलं तर मी तो बग तिथल्या तिथे परत पाठवीन.

आजोबांना मी ओळखायला लागल्यापासून खोकला होता. दिवाळी झाली की सुरू व्हायचा, तो होळीपर्यंत. थंडीत पहाटे माहुलच्या बाजूने वास यायला लागला की आजी उठून खिडक्या लावून घ्यायची. चेंबूरला लोक 'गॅस चेंबर' म्हणायचे. आजोबाही तो विनोद करायचे, आणि त्यावर हसता हसता खोकायला लागायचे. १९९४ च्या जानेवारीत गेले. ते विड्या ओढायचे का? ओढायचे, तरुणपणी. वय झालं होतं का? एकाहत्तर. मग त्यांना हवेने मारलं, विडीने मारलं की वयाने? पेटी पुढ्यात घेऊन बसलो असताना हाच किडा डोक्यात वळवळायला लागला. हवेने माणूस मेला हे कळतं तरी कसं?

एका माणसाकडे बघून बहुतेक वेळा कळतच नाही. माणसं मोजावी लागतात. आणि मोजणाऱ्यालाही गंडवता येतं, किंवा तो स्वतःच स्वतःला गंडवतो. याची मला माहीत असलेली सगळ्यात मोठी गोष्ट लंडनची आहे, १९५२ च्या डिसेंबरची. (जरा लांबण लागणार आहे. चहा घेऊन बसा.)

मी काही महिने ऑनसाइट लंडनला होतो तेव्हा रविवारी थेम्सच्या काठाने भटकायचो. तिथे टेट मॉडर्न नावाचं चित्रांचं संग्रहालय आहे, फुकट आणि आत हीटिंग, म्हणजे आपल्यासारख्या पर डिएमवर जगणाऱ्यांना पर्वणीच. इमारतीच्या मधोमध एक अवाढव्य चिमणी. आधी मला वाटलं मॉडर्न आर्टचाच काही प्रकार असेल. मग कळलं की ते पूर्वीचं बँकसाइड वीजकेंद्र. भर शहरात, सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या समोर, नदीच्या पलीकडे वीजकेंद्र! आणि ते एकटंच नव्हतं. बॅटरसी, फुलहॅम, सगळी गावातच. पण लंडनच्या हवेचा मुख्य गुन्हेगार वीजकेंद्र नव्हतंच. तो होता घराघरातला कोळशाचा शेगडा.

लंडन आणि कोळसा हे भांडण फार जुनं. १३०६ साली राजा पहिल्या एडवर्डने लंडनमध्ये दगडी कोळसा जाळायला बंदी घातली होती. अर्थात कुणी ऐकलं नाही, कारण लाकूड महाग होत चाललं होतं. १६६१ मध्ये जॉन एव्हलिन नावाच्या गृहस्थाने दुसऱ्या चार्ल्स राजासाठी धुरावर एक पुस्तिकाच लिहिली, 'फ्युमिफ्युजियम'. धूर करणारे धंदे शहराबाहेर हलवा आणि भोवती सुगंधी झाडं लावा, असा त्याचा सल्ला. राजाला आवडली म्हणतात. पुढे काय झालं? काही नाही.

मला एव्हलिनपेक्षा त्याच्या पुढच्याच वर्षी, १६६२ मध्ये पुस्तक काढणारा जॉन ग्राँट जास्त आवडतो. हा काही डॉक्टर नाही की विद्वान नाही, सुई-दोरा-बटणं असल्या मालाचा दुकानदार. तेव्हा लंडनमध्ये दर आठवड्याला मेलेल्यांची यादी छापली जायची, कोण कशाने किती मेले अशी. प्लेग वाढतोय का हे त्यावरून कळायचं, म्हणजे पैसेवाल्यांना वेळीच गावाकडे सटकता यायचं. बाकीचे लोक ती यादी चाळायचे, 'अरे बापरे' म्हणायचे आणि फेकून द्यायचे. ग्राँटने काय केलं, तर अनेक वर्षांच्या याद्या जमवल्या आणि शेजारी शेजारी मांडल्या. म्हणजे लॉग फायली एकत्र करून त्यांच्यावर पहिली क्वेरी चालवणारा माणूस हाच! आणि त्यातून त्याने जी अनुमानं काढली त्यात एक हेही होतं की लंडनची हवा कोळशामुळे खेड्यातल्यापेक्षा वाईट आहे आणि सगळ्यांना ती मानवत नाही.

पुढे १८३७ पासून इंग्लंडमध्ये मृत्यूंची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि विल्यम फार नावाचा माणूस ते आकडे सांभाळायला लागला. १८४७ मध्ये लंडनला इन्फ्लुएंझाची साथ आली. फारच्या लक्षात आलं की दाखल्यांवर इन्फ्लुएंझा लिहिलेले मृत्यू मोजून उपयोग नाही. कारण त्या काळात ब्राँकायटिस, दमा, म्हातारपण अशा नावांखालीही मृत्यू वाढले होते. मग त्याने साधा हिशोब केला : एरवी या दिवसांत किती माणसं मरतात? या वर्षी किती मेली? वजाबाकी करा. कारणांच्या रकान्यावर विश्वास न ठेवता फक्त डोकी मोजायची. करोनाच्या काळात 'जास्तीचे मृत्यू' हा शब्द आपण रोज ऐकत होतो ना, त्याची ही पणजी.

या वजाबाकीमुळेच एक गोष्ट उघडी पडली. १८७३ च्या डिसेंबरात लंडनवर काही दिवस दाट धुकं बसलं. तेव्हा इस्लिंग्टनला गुराढोरांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. बक्षिसासाठी खाऊपिऊ घालून तयार केलेली जनावरं धापा टाकायला लागली आणि कित्येक मेली. वर्तमानपत्रांत गुरांची हळहळ पुष्कळ छापून आली. माणसांचे आकडे मागाहून आले, ते नेहमीपेक्षा चाळीस टक्क्यांनी जास्त होते. पण धुकं म्हणजे लंडन आणि लंडन म्हणजे धुकं. वाटाण्याच्या सुपासारखं पिवळं म्हणून त्याचं लाडकं नावसुद्धा होतं. १९०५ मध्ये द व्हो नावाच्या डॉक्टरांनी स्मोक आणि फॉग जोडून 'स्मॉग' हा शब्द चालू केला, तेवढीच प्रगती.

कायदे नव्हते असं नाही. १८५३ पासून होते. पण ते कारखान्यांच्या भट्ट्यांसाठी, आणि पुढच्या कायद्यांत तर मनाई होती फक्त 'काळ्या' धुराला. मग कोर्टात कारखानदारांचे वकील उभे राहून सांगायचे की मिलॉर्ड, आमच्या अशिलाचा धूर काळा नसून गडद तपकिरी आहे. (रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये एक विशेषण जास्त पडलं की क्लायंट त्याचं काय करतो हे आपल्या लायनीतल्यांना वेगळं सांगायला नको.) आणि घरातल्या चुलीला तर कुणी हातच लावायचं नाही. इंग्रजाला त्याच्या दिवाणखान्यातली धगधगती शेकोटी म्हणजे आपल्याकडे देव्हारा. जॉर्ज ऑर्वेलसारख्या माणसाने ८ डिसेंबर १९४५ च्या इव्हिनिंग स्टँडर्डमध्ये उघड्या शेकोटीची तरफदारी करणारा लेख लिहिला. सगळं कुटुंब एका जागी येतं ते शेकोटीमुळेच, असा त्याचा मुद्दा. खरंही आहे ते. ऑर्वेल स्वतः १९५० च्या जानेवारीत क्षयाने गेला. शेकोटीने गेला असं मी म्हणत नाहीये हं, फुप्फुसांचा दुखणाईत माणूससुद्धा शेकोटीवर प्रेम करत होता एवढंच.

आता १९५२. युद्ध जिंकून सात वर्षं झालेली आणि ब्रिटन कर्जात बुडालेला. चांगला, कमी धुराचा कोळसा परदेशी पाठवून डॉलर मिळवायचे आणि घरच्या लोकांना कोळसा रेशनवर, असा मामला. त्यातल्या त्यात दिलासा म्हणून सरकारने १ डिसेंबरपासून 'नटी स्लॅक' नावाचा माल रेशनमुक्त केला. म्हणजे कोळशाची भुकटी आणि त्यात बारके खडे. स्वस्त, आणि भरपूर धूर. हवा तितका घ्या म्हटल्यावर लोकांनी घेतला. त्यात थंडी कडाक्याची पडली.

शुक्रवार, ५ डिसेंबर. इंग्लंडच्या दक्षिण भागावर हवेचा जास्त दाब येऊन बसला. वारा पडला. एरवी जमिनीजवळची हवा गरम असते, ती वर जाते आणि जाताना धूर घेऊन जाते. त्या दिवशी उलटं झालं. खाली गार हवा, वर गरम हवेचं झाकण. लाखो चिमण्या धूर सोडतायत आणि तो वर जायला वाट नाही. प्रेशर कुकरची शिटी अडकली की कसं होतं तसं, फक्त आत आपण. दिवसाला अंदाजे हजार टन धुराचे कण त्या झाकणाखाली साचत होते. कोळशातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड धुक्याच्या थेंबांत शिरून त्याचं गंधकाम्ल होत होतं. ते थेंबांत नक्की कसं होत होतं हे कोडं २०१६ पर्यंत नीट सुटलं नव्हतं. कोळशातूनच निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड त्यात हातभार लावत होता, हे त्या वर्षी एका संशोधनातून पुढे आलं. तेही कशाच्या निमित्ताने, तर चीनमधल्या शहरांच्या हवेचा अभ्यास करताना.

शनिवारी हीथ्रोला दहा मीटरपलीकडचं दिसेना आणि ते जवळजवळ अठ्ठेचाळीस तास दिसलं नाही. आयल ऑफ डॉग्ज भागात लोकांना स्वतःची पावलं दिसत नव्हती. बसच्या पुढे कंडक्टर हातात मशाल घेऊन चालायचा, नंतर बसही बंद झाल्या. जमिनीखालची ट्रेन तेवढी चालू. अँब्युलन्स बंद पडल्यावर ज्यांना जमेल ते आजारी माणसाला चालवत हॉस्पिटलला नेऊ लागले. घरात आलेल्या काजळीने पडदे काळे. सोमवारी सॅडलर्स वेल्स थिएटरात 'ला त्राव्हियाता' हा ऑपेरा पहिल्या अंकानंतर बंद करावा लागला, कारण धुकं आत शिरलं आणि खोकल्यापुढे गाणं ऐकू येईना. (त्या ऑपेराची नायिका शेवटी क्षयाने मरते. कुणी गोष्टीत लिहिलं असतं तर फारच ओढूनताणून वाटलं असतं.)

आणि पुन्हा गुरं! अर्ल्स कोर्टला स्मिथफील्डचं जनावरांचं प्रदर्शन. पुन्हा उत्तमोत्तम बैल-गाई जीभ बाहेर काढून धापा टाकायला लागल्या. एक लगेच मेली, डझनभर कापाव्या लागल्या. तेव्हाची एक गोष्ट सांगतात की ज्या जनावरांखालचा पेंढा रोज बदलून लखलखीत ठेवला होता त्यांना जास्त त्रास झाला. शेणामुतात बसलेली साधी जनावरं बरी राहिली, कारण मुतातल्या अमोनियाने हवेतलं आम्ल मारलं. खरं-खोटं देव जाणे, पण रसायनशास्त्राला धरून आहे. वर्तमानपत्रांत या वेळीसुद्धा आधी बातमी आली ती गुरांची.

माणसांचं काय चाललं होतं? नेहमीचंच. लंडनकर घाबरले नाहीत, सायरन वाजले नाहीत, रस्त्यावर प्रेतं पडली नाहीत. म्हातारी माणसं घरोघरी आपापल्या बिछान्यात धापा टाकत होती, आणि घर गरम राहावं म्हणून मुलं शेकोटीत आणखी नटी स्लॅक टाकत होती. हा तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. आजीसुद्धा खिडक्या लावून घ्यायची आणि आत स्टोव्ह पेटवून आजोबांसाठी वाफारा तयार करायची.

मंगळवारी, ९ तारखेला वारा सुटला आणि धुकं गेलं. लोक कामाला लागले. काहीतरी भलतंच होऊन गेलंय याची चाहूल आधी लागली ती शवपेट्या करणाऱ्यांना आणि फुलवाल्यांना. माल पुरेना.

मग आकडे आले. १३ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात बृहद् लंडनमध्ये ४,७०३ मृत्यू नोंदले गेले. आदल्या वर्षी त्याच आठवड्यात १,८५२ होते. ब्राँकायटिस आणि न्यूमोनियाचे मृत्यू सातपटींहून जास्त वाढले होते, आणि गरिबांच्या ईस्ट एंडमध्ये एकूण मृत्यूदरच नऊपट झाला होता. नोंदणी खात्याचे वैद्यकीय आकडेतज्ज्ञ डब्ल्यू. पी. डी. लोगन यांनी फारचीच वजाबाकी केली आणि १९५३ च्या फेब्रुवारीत लॅन्सेटमध्ये छापली. सुमारे चार हजार माणसं जास्तीची गेली होती. चार दिवसांच्या धुक्यात चार हजार! आणि त्यातल्या एकाच्याही दाखल्यावर 'हवा' असं लिहिलेलं नव्हतं. सगळे आपापल्या जुन्या ब्राँकायटिसने, आपापल्या हृदयविकाराने गेले होते.

आता सरकारची बाजू. चर्चिल पंतप्रधान. घरबांधणी आणि स्थानिक कारभार पाहणारे मंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन, पुढे स्वतः पंतप्रधान झालेले. त्यांचं १९५३ चं एक मंत्रिमंडळातलं टिपण बऱ्याच वर्षांनी उघड झालं. लोकांना हल्ली सगळे प्रश्न सरकारने सोडवावेत असं वाटतं, धुराच्या बाबतीत आपल्याला फारसं काही करता येणार नाही, पण आपण फार कामात आहोत असं दाखवता येईल, तेव्हा एक समिती नेमू या, असा त्याचा मथितार्थ. वाचल्यावर मी खुर्चीत सावरून बसलो. इतकं प्रामाणिक मिनिट्स ऑफ मीटिंग मी उभ्या करिअरमध्ये पाहिलेलं नाही.

गंमत म्हणजे ती दाखवण्यापुरती समिती खरोखर कामाची निघाली. अध्यक्ष सर ह्यू बीव्हर, व्यवसायाने इंजिनिअर, तेव्हा गिनेस या दारू कंपनीचे मॅनेजिंग डायरेक्टर. (होय, तेच गिनेस. सगळ्यात वेगाने उडणारा शिकारीचा पक्षी कोणता यावरून वाद झाला आणि त्यातून गिनेस बुकची कल्पना ज्यांना सुचली तेच हे बीव्हर.) त्यांनी १९५४ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं की घरातल्या शेकोटीला हात लावल्याशिवाय काही होणार नाही. सरकार तरी ढिम्म. मग जेराल्ड नबारो या सत्ताधारी पक्षाच्याच झुपकेदार मिशांच्या खासदाराने स्वतःचं विधेयक आणलं, तेव्हा लाजेकाजेस्तव सरकारने आपलं आणायचं कबूल केलं आणि ५ जुलै १९५६ ला क्लीन एअर अॅक्ट झाला.

त्यात मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती एक बारीक तरतूद. नगरपालिकेने एखादा भाग धूरमुक्त जाहीर केला की तिथे साधा कोळसा जाळायला बंदी. पण शेकोटी बदलायचा खर्च घरमालकावर टाकला नाही. बहुतेक भार सरकार आणि पालिकेने मिळून उचलला. नुसतीच बंदी घालून एडवर्ड राजाचं काय झालं होतं ते साडेसहाशे वर्षांत शिकले म्हणायचे! तरी लगेच सगळं सुधारलं नाही. १९६२ च्या डिसेंबरात पुन्हा धुकं बसलं आणि पुन्हा शेकडो माणसं गेली. पुढे उत्तर समुद्रातला गॅस आला, सेंट्रल हीटिंग आलं आणि शेकोटी हळूहळू मॅंटलपीसवर फोटो ठेवण्यापुरती उरली. सगळं श्रेय कायद्याला देता येणार नाही.

पण आपला विषय मोजणीचा होता. तिथे परत येतो, कारण खरी मेख तिथेच आहे.

धुकं ९ डिसेंबरला गेलं, पण मृत्यू काही नेहमीच्या पातळीवर आले नाहीत. डिसेंबर संपेपर्यंत आणि पुढे जानेवारी-फेब्रुवारीत आलेख चढाच राहिला. या काळात आणखी सुमारे आठ हजार माणसं जास्तीची गेली. आरोग्य खात्याने १९५४ च्या अहवालात यांचं काय केलं? धुक्याचा हिशोब डिसेंबरातच मिटवला आणि उरलेले मृत्यू इन्फ्लुएंझाच्या खाती टाकले. त्या हिवाळ्यात फ्लू होताच, त्यामुळे ते पचूनही गेलं. पुढची जवळपास पन्नास वर्षं प्रत्येक पुस्तकात 'चार हजार' हाच आकडा छापला गेला.

तो उकरून काढला मिशेल बेल आणि डेव्हरा डेव्हिस या दोघींनी, २००१ मध्ये. त्यातल्या डेव्हरा डेव्हिसबद्दल सांगायलाच हवं. त्या अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा नावाच्या गावात वाढल्या. नदीच्या वळणावर, टेकड्यांच्या खोबणीत वसलेलं चौदा हजार वस्तीचं गाव, एका पोलाद कंपनीच्या आणि तिच्या जस्ताच्या कारखान्यावर जगणारं. १९४८ च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथेही लंडनसारखंच हवेचं झाकण बसलं. शुक्रवारी हॅलोविनची मिरवणूक निघाली, शनिवारी फुटबॉलची मॅचसुद्धा झाली, प्रेक्षकांना बॉल दिसत नव्हता म्हणे. रविवारी पाऊस येईपर्यंत वीस माणसं मेली होती आणि जवळजवळ निम्मं गाव आजारी. डेव्हिस तेव्हा जेमतेम दोन वर्षांच्या. गावात याबद्दल कुणी बोलायचंच नाही. त्यांना हे सगळं पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं, आणि मग जन्मभर हाच विषय झाला.

तर या दोघींनी लंडनचे जुने आठवडी आकडे पुन्हा मांडले. त्यांचं म्हणणं असं : डिसेंबर ते फेब्रुवारी मिळून जास्तीचे मृत्यू भरतात सुमारे बारा हजार. हे सगळे फ्लूचे धरायचे तर त्या वर्षीची साथ एरवीच्या साथींच्या कित्येक पट भयंकर असायला हवी होती, आणि डॉक्टरांकडच्या नोंदी, आजारपणाच्या रजा, विम्याचे दावे यांत तसं काही दिसत नाही. २००४ मध्ये त्यांनी फ्लूचा हिशोब आणखी बारकाईने तपासला, तरी त्याच्या वाट्याला त्या आठ हजारांतला थोडाच भाग आला. थंडीचाही वाटा असेलच. पण जळलेल्या फुप्फुसाचा माणूस चार दिवसांत मरतो तसा चाळीस दिवसांनीही मरतो, त्याला कट-ऑफ डेट माहीत नसते. सर्व्हर शुक्रवारी जळाला आणि डेटा पुढच्या महिनाभर करप्ट होत राहिला, तर रिपोर्टमध्ये आपण आउटेज किती लिहितो? मॅनेजर म्हणेल शुक्रवारपुरता.

आपल्याकडेही मोजणारे होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस केईएम हॉस्पिटलच्या डॉ. एस. आर. कामत यांच्या टीमने मुंबईतल्या तीन वस्त्या आणि तुलनेसाठी बाहेरचं एक खेडं निवडून चार हजारांवर माणसांच्या फुप्फुसांची तपासणी केली, आणि पुढे काही वर्षं त्यांचा माग ठेवला. खोकला, धाप आणि हवेतला सल्फर डायऑक्साइड यांचा संबंध त्यांनी तेव्हाच दाखवून दिला होता. आजोबा तेव्हा पन्नाशीत होते. आमच्या घरात कुणी त्याबद्दल ऐकलेलंही नव्हतं. तेव्हा अॅप नव्हतं ना. आता फोनवर सकाळी पीएम २.५ चा आकडा येतो. भारताची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. १९५२ च्या लंडनमध्ये धुराचा आकडा चार हजारांच्या वर गेला होता, पण तो वेगळ्या पद्धतीने मोजलेला, थेट तुलना करू नका. (आणि आपलं बरं चाललंय असंही त्यावरून म्हणू नका.)

शेवटी पुन्हा दाखल्याकडे. लंडनमध्येच, लुइशॅम भागात, साउथ सर्क्युलर या वाहत्या रस्त्यापासून तीसेक मीटरवर एला नावाची एक मुलगी राहायची. तिला भयंकर दमा होता. तीन वर्षांत जवळजवळ तीस वेळा हॉस्पिटल. २०१३ च्या फेब्रुवारीत ती गेली, नऊ वर्षांची असताना. पहिल्या चौकशीत कारण लिहिलं गेलं श्वसन बंद पडल्याचं. तिच्या आईने ते मान्य केलं नाही, हायकोर्टातून पहिला निकाल रद्द करून घेतला आणि दुसरी चौकशी लावली. १६ डिसेंबर २०२० ला कॉरोनरने कारणाच्या तीन ओळी नोंदवल्या. पहिली : श्वसन निकामी. दुसरी, ते कशामुळे : तीव्र दमा. तिसरी, तो कशामुळे : प्रदूषित हवेशी संपर्क. ब्रिटनमध्ये मृत्यूच्या कारणात हवेचं नाव पहिल्यांदा लागलं ते हे. एडवर्ड राजापासून सातशे चौदा वर्षांनी.

या तीन ओळी आपल्याकडच्या डॉक्टरी फॉर्मवरही असतात. अ, ब आणि क. प्रत्येकीच्या मध्ये 'कशामुळे' अशा अर्थाचे शब्द. आणि बारीक अक्षरात सूचनाही असते की नुसता मरणाचा प्रकार लिहू नका, हृदय बंद पडलं वगैरे, रोग लिहा. आजोबांच्या झेरॉक्सवर अ मध्ये ते कार्डिओ-रेस्पिरेटरी. ब आणि क मध्ये डॉक्टरांनी एक आडवी रेघ मारलीय. डॉक्टरांना दोष नाही, रात्री अडीच वाजता आमच्याच घरातल्या स्टुलावर बसून त्यांनी ते लिहिलं होतं.

सोमवारी महापालिकेचा दाखला सेक्रेटरींना देऊन आलो. झेरॉक्स त्यांना नको होती. नाव बदलायला कारण लागत नाही म्हणाले.